ओट्याचा दगड निवडताना: लिंबू, हळद आणि बोअरचं पाणी

आमच्या लातुरात कुणी ओटा नवा करायला काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काळा ग्रॅनाइट बसवायलाव का?’ काळा म्हणजे मजबूत आणि काळ्यावर डाग दिसत नाहीत, हे सगळ्यांनी मनाशी पक्कं केलेलं. मला रंगाचं फारसं काही नव्हतं. वर्षाचा काळा मसाला आमच्याकडे घरीच होतो, चिंचेचा कोळ, लिंबू, हळद, तेल रोजचंच, आणि भांड्यांना पाणी बोअरचं. एवढं सगळं सोसेल असा दगड हवा होता.

जुना ओटा कडप्प्याचा होता. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, तो वर्षानुवर्षं तेलाचा बोळा फिरवून काळाभोर ठेवलेला. तरी लिंबू चिरायच्या जागी पांढुरके चट्टे पडलेच. कारण साधं आहे. कडप्पा काय, शहाबादी काय, कोटा काय, हे सगळे चुनखडीचेच दगड. त्यांच्यातलं कॅल्साइट हे खनिज आंबटाशी लगेच क्रिया करतं आणि तिथलं पॉलिश खाल्लं जातं. संगमरवराचंही तेच, मग तो मकराण्याचा का असेना. शिवाय खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहस् मोजपट्टीवर कॅल्साइट 3, आणि सुरीच्या पोलादाचा साधारण साडेपाच. म्हणजे सुरी घसरली की ओरखडा. ग्रॅनाइटमधली खनिजं म्हणजे फेल्डस्पार 6 आणि गारगोटी 7. तिथं सुरीचीच धार जाते.

नणंदेला पांढरा संगमरवर फार आवडला होता. तो देवघराला लावा म्हटलं, ओट्याला नको.

आणखी एक शंका मला होती. वेरूळ-अजिंठा ज्या काळ्या पाषाणात कोरलं, तो बेसॉल्ट आपल्या पायाखालीच आहे, घरातला पाटा-वरवंटाही त्याचाच. मग ओट्याचा दगड दुसऱ्या राज्यातून का आणायचा? एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं की आपल्याकडच्या दगडात हवेच्या पोकळ्या आणि तडे फार, सहा-आठ फुटांची सलग लादी निघणं अवघड. दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो, तो भूशास्त्राच्या हिशेबानं बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेला. खरा ग्रॅनाइट मराठवाड्यात बघायचा तर नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, देगलूर-बिलोलीकडे जावं लागतं.

गावाबाहेरच्या गोदामांत लाद्या उभ्या लावलेल्या असतात. आंध्रातल्या चिमकुर्तीची सोनेरी टिकल्यांची ब्लॅक गॅलेक्सी, तेलंगणातल्या करीमनगरकडची टॅन ब्राऊन, राजस्थानातले पांढरट आणि गुलाबी प्रकार, शिवाय नुसता जेट ब्लॅक. प्रत्येक दुकानदार आपल्याकडचा माल ‘एक नंबर’ म्हणतो. एकानं क्वार्ट्झचीही गळ घातली. तो कारखान्यात केलेला, गारगोटीचा चुरा आणि रेझिन एकत्र दाबून. डाग धरत नाही हे खरं, पण रेझिनला आच सोसत नाही. आमच्याकडे फोडणीची कढई उतरवली की थेट ओट्यावर येते. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

भाव विचारण्याआधी मी तुकडे मागितले. कापताना उरलेल्या पट्ट्या गोदामाच्या कोपऱ्यात पडलेल्याच असतात, कुणी नाही म्हणत नाही. मागे नावं लिहून ते गच्चीवर मांडले. प्रत्येकावर लिंबाची फोड उलटी ठेवली, शेजारी हळद कालवलेलं तेल, चिंचेचा कोळ, आणि एका कोपऱ्यात बोअरच्या पाण्याचे थेंब. रात्रभर तसंच ठेवलं. आत्याबाई म्हणाल्या, ‘दगडाला निवद दाखवायलीस का?’

सकाळी सगळं उघड झालं. संगमरवरावर लिंबाचा गोल खरखरीत लागत होता आणि हळद आत मुरलेली. कडप्प्यावर पांढरा चट्टा. राजस्थानी पांढरट ग्रॅनाइटला लिंबानं काही केलं नाही, पण तेल त्यानं पिलं. डाग पुढं फिका झाला, गेला मात्र नाही. अशा दगडाला सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारं द्रव, लावून घ्यावा लागतो आणि काही काळानं पुन्हा लावावा लागतो. टॅन ब्राऊन आणि काळे तुकडे पुसल्यावर होते तसे.

काळ्यांनी हात टेकले ते पाण्यापुढे. बोअरचे थेंब वाळले तिथं क्षारांची पांढरी कडी, आणि आरशासारख्या काळ्या पॉलिशवर ती लांबूनही दिसणारी. टॅन ब्राऊनवर तीच कडी तांबूस-काळ्या दाण्यांत हरवली. ज्यांच्याकडे नळाचं गोड पाणी रोज येतं त्यांनी खुशाल काळा घ्यावा. आमच्या भागात तो पुसत बसायला माणूस लागतो.

काळ्याची आणखी एक परीक्षा आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन तुकडा घासायचा. एका तुकड्याचा रंग फडक्यावर उतरला. करडा दगड रंगवून काळा म्हणून विकायला ठेवला होता. वापरात तो आधी सिंकजवळ फिकटतो.

आत्याबाईंचा टॅन ब्राऊनला विरोध होता आणि मुद्दा बिनतोड होता: ‘त्या ठिपक्यांत मुंगी दिसत नाही.’ खरंच दिसत नाही, सांडलेली मोहरीही दिसत नाही. तरी घेतला. ओटा आता नजरेनं नाही, हात फिरवून पुसावा लागतो.

लादी निवडताना दुकानदाराला ती पाण्यानं पुसायला लावली. दगडाची नैसर्गिक शीर असेल तर ती बाकीच्या दगडाबरोबर वाळते. भेग असेल तर सगळी लादी वाळल्यावरही तेवढी रेघ ओली राहते. नखानंही चाचपायचं, भेगेत नख अडकतं. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली हे विचारायचं; बहुतेकदा दगड कमकुवत म्हणूनच चिकटवतात. जाडी स्वतः टेपनं मोजायची, तीही दोन-तीन जागी. ओट्याला 18 मिलिमीटरच्या आसपासची बरी. आमच्या ओट्याची रुंदी दोन फूट, म्हणून कटर साइजची अरुंद लादी घेतली. मोठ्या गँगसॉ लादीत उरलेल्या तुकड्याचे पैसे उगीच जातात.

एवढं करून दगड चांगला आला, तरी ओटा तुटतो तो बसवण्यात. सिंक आणि शेगडीसाठी दगड कापला की पुढं-मागं चार बोटांच्या पट्ट्या उरतात. सगळ्यात नाजूक जागा तीच, वाहतुकीतसुद्धा तिथंच तडकतो. म्हणून शेगडीचा कट मिस्त्रीला घरी, दगड बसल्यावर करायला सांगितला. कोपरे काटकोनात न कापता गोलसर ठेवले, कारण काटकोनातून भेग सुरू होते. खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि त्यांवर आडवा कडप्पा सलग टाकून घेतला. कडप्पा आता तेवढ्यापुरता, आणि तिथं तो उत्तमच. त्यावर सिमेंटचा माल सगळीकडे भरून दगड बसवला. नुसते गोळे ठेवून बसवला तर मधे पोकळ राहतो. टिचकी मारली की बद्द आवाज येतो, तिथं मिस्त्रीला लगेच उचलायला लावायचं. ‘ताई, काही होत नाय,’ हे ऐकून घ्यायचं आणि उचलायलाच लावायचं.

एल आकाराचा सांधा कोपऱ्यात घेतला, सिंकपासून लांब. दगडाची पुढची कड खालच्या दारांच्या बाहेर इंचभर काढून तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारून घेतली, म्हणजे ओघळलेलं पाणी खालच्या दारांवर न येता तिथूनच टपकतं. भावाचं बोलताना एक लक्षात ठेवा: दगड चौरस फुटावर, पण कडेची गोलाई धावत्या फुटावर आणि सिंकचा कट वेगळा. दगडाचा भाव पाडून देणारे तिथं वसूल करतात. सगळं एकाच कागदावर लिहून घेतलेलं बरं.

खलबत्त्यासाठी उभ्या फळीच्या बरोबर वरची जागा ठरवून ठेवली आहे. कुटायचं तर तिथं, शेगडीजवळ नाही. नळाच्या बुडाशी क्षार धरतातच. बाजारातलं ॲसिड मी त्याला लावत नाही, पॉलिश जातं. जुनं ब्लेड आडवं धरून खरवडते. पोलाद या दगडापेक्षा मऊ, त्यामुळे क्षार निघतो आणि दगडावर रेघ उठत नाही.