गुलमर्गमध्ये मापाची स्की-बिब शोधताना

टंगमर्गला गाडी थांबली की चाकांना साखळ्या चढतात आणि खिडकीशी लांब कोट नि गमबूट भाड्याने देणारे येतात. इथून गुलमर्ग १३ किलोमीटर, सगळा चढाचा रस्ता. वर जाऊन गोंडोलात, म्हणजे तिथल्या रोपवेत बसायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी श्रीनगरला परतायचं, असा बेत असेल तर ते कोट खुशाल घ्या, ऊब चांगली देतात. स्की शिकायला निघाला असाल तर मात्र नको. नवशिक्याचा बराचसा वेळ बर्फात पडण्यात, बसण्यात आणि पुन्हा उभं राहण्यात जातो. बर्फ आत शिरतो तो कमरेतून आणि घोट्यातून, आणि या दोन्ही जागा तो कोट उघड्याच ठेवतो.

मी फेब्रुवारीत गेले ती शिकायलाच. बूट आणि स्की तिथे भाड्याने मिळतात, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती पँटची. माझी उंची पाच फुटांच्या जेमतेम वर, मांड्या भरलेल्या. कमरेला बसणारी पँट मांडीत अडकते, मांडीला बसणारी कमरेवर राहत नाही, आणि दोन्ही जमलंच तर पाय वीतभर लांब. पुण्यातल्या दुकानांत नेमकं हेच झालं. मापं सगळी युरोपातल्या उंच बायकांची. पाय कापून आखूड करू म्हटलं तर खालचा बर्फ अडवणारा भागच कापला जाणार.

शेवटी बिब घ्यायचं ठरवलं. बिब म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली डांगरीच, फक्त जलरोधक कापडाची. तिचा भार खांद्यांवर असतो, म्हणून कमरेचा घेर नेमका जुळण्याची गरजच उरत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची अडचण एवढ्यानेच सुटेल, असं मला मनापासून वाटतं. शिवाय जॅकेट वर सरकलं तरी पाठ उघडी पडत नाही, आणि पोटावर घट्ट पट्टा नसल्यामुळे वाकलं तरी श्वास मोकळा राहतो.

गुलमर्गच्या बाजारात भाड्याने सामान देणाऱ्या एका दुकानात फेरन घातलेले एक चाचा बसले होते. मी पहिली बिब चढवून आरशासमोर उभी राहिले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. ते म्हणाले, “दीदी, खड़े होकर तो सब ठीक लगता है. बैठ के दिखाओ.” बसले, तर पट्टे खांद्यात रुतले. म्हणजे बिबचा धडाचा भाग आखूड. पट्टे सैल केले तर दोन पायांमधलं कापड इतकं खाली उतरलं की गुडघा वर उचलेना.

यापुढचा अर्धा तास त्यांनी मला जे करायला लावलं, ते कुठल्याही मापाच्या तक्त्यात नसतं. आत थर्मल घालूनच बिब चढवायची. पूर्ण खाली बसायचं. एक गुडघा छातीकडे आणायचा. हात डोक्यावर ताणायचे. मग पाय फाकवून, गुडघे वाकवून, बोटं आत वळवून उभं राहायचं, कारण वेग आवरायला नवशिक्या हीच ‘व्ही’ धरतो. आणि शेवटी आडवं पाऊल टाकत चढल्यासारखं करायचं. उताराला आडवं राहून एकेक पाऊल वर टाकणं हा पहिला धडा असतो, तेव्हा मांडीत अडकणारं कापड थकवून सोडतं.

स्कीचे बूट चढवल्याशिवाय लांबी ठरवायची नाही, हेही त्यांचंच. तो बूट जाड तळाचा आणि पुढे झुकलेला असतो. त्यात पाय गेला की गुडघा आपोआप वाकतो आणि अनवाणी पायाला लोळणारी बिब बरोबर बुटावर येऊन बसते. आतल्या बाजूला इलॅस्टिकची एक झालर असते. ती बुटाच्या बाहेरून ओढायची. ती बुटाच्या आत कोंबलेली नवखी माणसं मी रोज पाहिली. तसं केलं की नडगीवर घडी दाबते आणि दुपारपर्यंत पाय ठणकू लागतो. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ आहे ना, तेही बघून घ्यावं. स्कीची पोलादी कड तिथेच घासते आणि साधं कापड चिरून टाकते.

मला बसली ती मोठ्या मुलांच्या मापातली एक बिब. बायकांच्या खणात नव्हतीच ती. कमी उंचीच्या मैत्रिणींनी तो खण आवर्जून उपसावा. मात्र नितंबांचं माप नीट जुळलं पाहिजे.

आता ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही ते. बिबमध्ये बाईने लघवीला जायचं कसं? बर्फात, स्वच्छतागृह लांब, वर जॅकेट, हातमोजे. पट्टे काढायचे म्हणजे जॅकेट उतरवणं आलं. म्हणून दोन्ही बाजूंना काखेखालून मांडीपर्यंत उघडणारी चेन असलेली किंवा मागचा भाग चेनने खाली उतरणारी बिब बघा. हे नको म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मला तिथे भेटल्या. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा वरचा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर जातो. त्या विरळ, कोरड्या हवेत पाणी टाळणं धोक्याचं आहे. पाळीच्या दिवसांत तर या चेनचं मोल विचारूच नका.

जलरोधकतेचा आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं तो, लेबलवर असतो. १०,००० मिलिमीटरपेक्षा कमी मी घेणार नाही. पाणी नुसतं वरून पडत नाही. बसल्यावर आपल्या वजनाने ते कापडात दाबलं जातं, त्यामुळे आधी बूड आणि गुडघे ओले होतात. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. अस्तर मात्र जाड नको. शिकताना इतका घाम येतो की आत थर्मल आणि वर पातळ बिब हेच सोयीचं. मांडीच्या आत हवेसाठी चेन असेल तर ऊन पडल्यावर ती उघडता येते.

संध्याकाळी हॉटेलात बिब बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, अगदी चिकटवून वाळत घालू नका, उष्णतेने शिवणींवरची पट्टी सुटते. उलटी करून, जरा लांब टांगली की सकाळपर्यंत कोरडी होते. आणि भाड्याच्या दुकानात आदल्या संध्याकाळीच जा. सकाळी सगळे एकदम येतात, तेव्हा बसून-उठून बघायला ना जागा मिळते, ना चाचांना वेळ असतो.