कालची पोळी आहे का?

रविवारी कोथरूडला लग्न होतं म्हणून मी आणि मामा शनिवारीच सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरहून निघालो. खरं तर मामी पण येणार होत्या पण त्यांच्या गुडघ्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं, त्यामुळे मामांची जबाबदारी माझ्यावर आली, आणि मामांना विचाराल तर माझी जबाबदारी त्यांच्यावर. मामींनी धपाटे, दही आणि शेंगा चटणी बांधून दिली होती ती कुर्डुवाडी यायच्या आतच संपली. उरलेला सगळा प्रवास मामांनी पुण्याच्या गोष्टी सांगण्यात घालवला.

मामा १९८४ ते ८७ पुण्यात शिकायला होते. त्यानंतर पुण्याला आले ते फक्त लग्नाला नाहीतर दवाखान्यात, म्हणजे गाडीतून उतरायचं, जेवायचं, परत गाडीत बसायचं. त्यामुळे स्टेशनवरून मेट्रोत बसवलं तर मामा खिडकीला जे चिकटले ते नळ स्टॉप येईपर्यंत. मेट्रो नदीच्या कडेने जाते ना तिथे तर उभेच राहिले. "आगं ही मुठाच की! नदीत खांब रोवले व्हय!" मग संभाजी उद्यान आणि डेक्कनच्या स्टेशनची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी केलीयत ते मी दाखवलं, तर म्हणाले, पगडी बरी हाय, पण खाली डोकं कुठंय.

दुपारी मावसबहिणीकडे बॅगा टाकल्या आणि मामांना त्यांची जुनी खानावळ बघायची होती म्हणून लकडी पूल ओलांडून अलका टॉकीजच्या चौकातून सदाशिव पेठेत शिरलो. तासभर फिरलो. सापडली नाही. एका ठिकाणी मामा थांबले, तिथे झेरॉक्सचं दुकान होतं आणि वर अभ्यासिका, एमपीएससीची पोरं पाठीला सॅक लावून चहा पीत उभी होती. "हितंच होती," म्हणाले, मग म्हणाले, "का पलीकडच्या गल्लीत?" मी विचारलं महिन्याचे किती द्यायचात मामा? तर म्हणाले, किती द्यायचो ते आठवत न्हाई, किती राहिलेत ते आठवतंय.

रात्री बहीण मेंदीत अडकलेली, तिनेच एका रेस्टॉरंटचं नाव सांगितलं. घरचंच खाणं पण जरा वेगळ्या पद्धतीने करतात, इन्स्टावर जोरात चालू आहे, जा दोघं. नाव मी लिहीत नाहीये कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत. कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे एवढं सांगते, गल्लीत शिरलात की गर्दीवरून कळेलच.

आणि गर्दी म्हणजे काय गर्दी! शनिवारची रात्र, साडेआठ वाजलेले, बाहेर टू व्हीलरची रांग, फुटपाथवर पंचवीस-तीस माणसं, एक मुलगा हातात वही घेऊन नावं लिहितोय. चाळीस मिनिटं लागतील म्हणाला. मामा म्हणाले, जेवायला नंबर? पण मग स्वतःच म्हणाले की खानावळीत पण खुर्चीमागं उभं राहायचो, समोरच्यानं भात घेतला की समजायचं आता पाच मिनिटं. नाव काय लिहू विचारलं तर मामांनी ऐटीत सांगितलं, लिही सोलापूरकर. अर्ध्या तासाने पोरगा ओरडला "सोलापूरकर, दोन जण" आणि अहो, आमच्याबरोबर अजून एक जोडपं उठलं. ते बार्शीचे, हिंजवडीत नोकरीला, त्यांनी पण तेच लिहिलेलं. नंबर आमचाच होता, पण तेवढ्यात मामांनी त्यांची बार्शीतली गल्ली, वडिलांचा धंदा सगळं काढून घेतलं.

आत शिरल्यावर आधी आवाज अंगावर येतो. टेबलं एकमेकांना चिकटून, एका कोपऱ्यात कोणाचा तरी बड्डे, लांबलचक बाकांवर अनोळखी लोक शेजारी शेजारी, स्टीलचे ग्लास, भिंतीवर पत्र्याच्या ट्रंका आणि पितळी डबे टांगलेले, आणि वरून जुनी मराठी गाणी, खाली ढोल लावलेली. ही पहिली तक्रार. म्युझिक एवढं मोठं की ऑर्डर द्यायला वेटरच्या कानात बोलावं लागतं. मामांनी ट्रंकेकडे बघून विचारलं, ह्यात काय ठेवलंय? मी म्हटलं काही नाही मामा, डेकोरेशन आहे. "माझी असली घरी पलंगाखाली हाय, इकत्यात का विचार."

मेन्यू उघडला तर पहिल्याच पानावर कडक भाकरी. आमची कडक भाकरी! क्रॅकर्स म्हणून, सोबत तीन डिप. मी तर फोटोच काढून मामींना पाठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापूरकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून मंद आचेवर पार वाळवतात, कुरकुरीत होईपर्यंत, मग ती कितीतरी दिवस टिकते. प्रवासात, शेतावर, कुठेही न्या. चुरून त्यावर दही, शेंगा चटणी, वर तेल. आता आमच्याकडे बायकांचे गृहउद्योग पाकिटातून विकतात. वेटर म्हणाला सर ही मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची आहे. मामांनी एक तुकडा उचलला, कानाजवळ नेऊन मोडला, आवाज ऐकला (त्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं देव जाणे) आणि मान डोलावली. भाकरी पास. डिपमध्ये एक ठेचा घातलेलं लोणी होतं ते अफाट, दुसरं भरताचं, ठीक, आणि तिसरं दह्यात कालवलेली शेंगा चटणी. इथे मामा अडले. "मिक्सरची हाय." आणि होतीच. आमची चटणी उखळात कुटतात, कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं आणि ती ओलसर, चिकट होते, मिक्सरमधली भुकटी होते, मग दह्यात घालून झाकावी लागते. एकशेनव्वद रुपयांत उखळ परवडलं असतं असं मामांचं मत.

मग थालीपीठाचं वॉफल आलं. मी आधीच नाक मुरडून बसले होते, कारण हे असलं पुण्यात हल्ली फार चाललंय, मिसळीचा पिझ्झा काय, पुरणपोळीचा टाको काय, आकार बदलला की नवीन पदार्थ. पण हे खाल्लं आणि गप्प बसले. बघा ना, थालीपीठाला बोटाने भोकं का पाडतो आपण? त्यातून तेल सोडतो ते खाली तव्यापर्यंत जातं आणि मधला भाग पण खरपूस होतो, नाहीतर कडा कुरकुरीत आणि मध्ये गच्च. वॉफलच्या साच्यात दोन्ही बाजूंनी चौकोनी खड्डे पडतात, म्हणजे भोकाचंच काम, उलट जास्त. आणि वर लोण्याचा गोळा ठेवला की तो घसरून ताटात जात नाही, वितळून प्रत्येक खणात तळं करून बसतो. भाजणी खमंग होती, धणे लागत होते, कांदा बारीक. ज्याने कोणी हे केलं त्याने घरी थालीपीठ लावलेलं आहे, नुसतं बघितलेलं नाही. मामांनी अर्ध्याच्या वर खाल्लं आणि मग म्हणाले, हे तू मागवलंस ते बरं केलंस.

त्यानंतरचं मात्र मी मागवायला नको होतं. वरणफळ रॅव्हिओली. आम्ही त्याला चकोल्या म्हणतो, तुम्ही वरणफळं म्हणत असाल, कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या आमटीत शिजवायचे. इथे तुकड्यांच्या आत मटाराचं सारण भरलेलं, वेगळ्या पाण्यात उकडलेले, खोलगट पांढऱ्या बशीत पाच मांडलेले, आणि वेटर येऊन वरून किटलीतून वरण ओततो, लोक व्हिडिओ काढतात. मी पण काढला. पण चकोल्यांची सगळी मजा त्या कणकेचं पीठ वरणात सुटून वरण दाट होण्यात आहे, फळं वरण पितात, वरण फळांना धरून बसतं. इथे वरण पातळ आणि फळं कोरडी, दोघांची ओळखच नाही. लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे वेगवेगळ्या कोपऱ्यात बसतात ना तसं. चव वाईट नव्हती हो, वरणाला गोडा मसाला आणि आमसूल छान होतं. पण पाच तुकडे आणि तीनशे वीस रुपये. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पाच मोजले, बोटाने.

आता खरी गोष्ट. मेन्यूत शेवटी शेवटी लिहिलेलं, कढईतली फोडणीची पोळी. (आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, रोजची ती चपाती, आणि ह्या पदार्थाला आम्ही कुस्करा म्हणतो, पण मामा पुण्यात तीन वर्षं राहून ह्या बाबतीत फितूर झालेले आहेत.) मामांनी वेटरला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पोळी कालची आहे का?"

पोरगा घाबरलाच. वीस-बावीसचा असेल. "नाही नाही सर! एकदम फ्रेश! आपल्याकडे शिळं काहीच नसतं."

"मग नको."

पोराला कळेना काय चुकलं. बाजूच्या बाकावर कॉलेजची मुलं बसलेली ती पण बघायला लागली. मामांनी त्याला समजावून सांगितलं, अरे ताज्या पोळीला पाणी असतं अंगात, ती कुस्करली की लगदा होतो, फोडणीत गोळे होतात. शिळी पोळी कोरडी, ती हातानं कुस्करायची, मिक्सर नाही, मग फोडणी, वर ताकाचा हबका आणि झाकण. हे सगळं त्या म्युझिकवर मात करून, म्हणजे अर्ध्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात. मला कुठे तोंड लपवू झालं होतं.

पोरगा आत गेला आणि पाच मिनिटांनी एप्रन घातलेल्या एक बाई बाहेर आल्या, पन्नाशीच्या, कपाळावर घाम. मला वाटलं आता होतंय भांडण. त्या म्हणाल्या, "काका, कोण शिळी विचारत होतं?" मामांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. बाई म्हणाल्या, "सकाळी सहाला लाटलेल्या आहेत, दिवसभर पंख्याखाली सुट्या पसरून ठेवते. कालची म्हटलं तर गिऱ्हाईक पळतं म्हणून पोरांना फ्रेश सांगायला सांगितलंय." मामा म्हणाले, "मग द्या की दोन."

छोट्या लोखंडी कढईत आली. कढईच उपडी केली ताटात, त्यामुळे तळाची खरवड वर, तांबूस, कडकडीत, आणि खाली मऊ मोकळी पोळी, दाणे, कढीपत्ता, हिंगाचा वास, किंचित साखर, लिंबू. वर तळलेल्या पोळीच्या बारीक पट्ट्या आणि लसणाचं तिखट भुरभुरलेलं. बाकी काही नाटक नाही. मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते जेवत होते, आणि मग आपोआप सुरू झाले. रविवारी खानावळीत दुपारी फीस्ट असायची, गोड असायचं, आणि संध्याकाळी मेस बंद. पैसे कोणाकडेच नसायचे. मग दुपारी जेवताना दोन पोळ्या जास्त घ्यायच्या, वाढप्याची नजर चुकवून मांडीवरच्या पेपरात गुंडाळायच्या, रात्री खोलीवर वातीच्या स्टोव्हवर फोडणी. चौघांत एक कांदा. एकाच्या आईने पाठवलेलं तिखट. "मोहरी संपली की नुसत्या जिऱ्याची. जिरं संपलं की नुसत्या तेलाची." मग एकदा वाढप्याने बघितलंच. मी म्हटलं, मग? "काय न्हाई. पुढच्या रविवारपासनं वाढायला आला की न मागता दोन जास्त टाकायचा."

बाजूच्या मुलांनी पण मग तेच मागवलं. त्यातल्या एकीने मामांना विचारलं काका ताक आधी की नंतर, आणि मामांना एवढा भाव गेल्या कित्येक लग्नांत मिळाला नसेल.

गोड म्हणून पुरणपोळी चीजकेक होता तो मी एकटीने खाल्ला, पुरण आणि चीज दोन्ही वाया. बिल चौदाशे आणि काहीतरी झालं, पाण्याची बाटली न विचारता टेबलवर ठेवली होती तिचे पण लावले होते, ते मी काढायला लावले. ही दुसरी तक्रार. जाणार असाल तर शनिवार टाळा, वॉफल आणि कढई मागवा, किटलीवाल्या कुठल्याच गोष्टीच्या नादी लागू नका.

रविवारचं लग्न छान झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जेवण कॅटररचं असतं तसं. संध्याकाळी सहाच्या हुतात्माने परत निघालो. दौंड गेल्यावर मामांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली तेव्हा खाली पेपरात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, वर तेलाचा डाग. मी विचारलं मामा हे काय?

"चार हायत," म्हणाले. "उद्या सकाळपतुर बरोबर कोरड्या पडत्यात."