तुम्ही विचारलंत म्हणून: ते बंद घर विकायचं आहे का?

मे महिन्यात, आणि मग पुन्हा गणपतीत, कोकणातल्या आमच्या वाडीच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, कोणी ना कोणी थांबतोच. गाडी खाली रस्त्याला लावलेली असते आणि नजर दगडी गडग्यापलीकडच्या घरावर असते. जांभ्याच्या भिंती, पुढे रुंद पडवी, दाराला कुलूप, आढ्याजवळ चार-पाच कौलं सरकलेली. मग मला हाक येते, "काका, हे घर विकायचं आहे का हो?" गेल्या वर्षी पुण्याच्या एक बाई त्यासाठी दोनदा येऊन गेल्या. मी 31 वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, त्यामुळे वाडीतले लोकही अशा पाहुण्यांना माझ्याकडेच पाठवतात. उत्तर पाखाडीवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो.

विकायला कोणाची ना नाही. प्रश्न आहे तो विकणार कोण, हा.

ते घर ज्या जमिनीत उभं आहे ती अकरा गुंठे. सातबाऱ्यावर नावं 43. त्यातली निदान नऊ माणसं आता हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद अजून झालेली नाही. ती झाली की नावं साठच्या पुढे जातील.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1089 चौरस फूट. हा 33 आकडा कुठून आला असं पुष्कळ जण विचारतात. तो मोजणीच्या जुन्या साखळीतून आला. साखळी 33 फुटांची, तिचे सोळा भाग, आणि एका भागाला म्हणायचे आणा. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. सोळा आण्यांचा रुपया, सोळा आण्यांची साखळी, आणि सोळा आण्यांचंच घर. घरातला हिस्साही आण्यांतच सांगायचा. "आमचे दोन आणे आठ पै" असं एखादी आजी सहज सांगून जाते. बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या 192 पै. दोन आणे आठ पै म्हणजे 32 पै, बरोबर सहावा हिस्सा. शाळेत न गेलेल्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ असलेला मी पाहिला आहे. 1 एप्रिल 1957 ला देशात नवे पैसे आले आणि आणा चलनातून जायला लागला. कुळकायद्याने जमीन कसणारं कुळ मालक मानलं गेलं, तो कृषक दिनही हाच, 1 एप्रिल 1957. एकाच दिवशी बाजारातला आणा मोडीत निघायला लागला आणि जमिनीचे मालक बदलले. आमच्या वाटण्यांच्या बोलण्यात मात्र आणा अजून चालतो.

आता या अकरा गुंठ्यांचा हिशेब मांडून पाहा. मूळ पुरुषाला तीन मुलगे, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. त्यातल्या एकाला चार मुलगे, म्हणजे बारावा. त्या चारांतल्या एकाला मुलगे-मुली मिळून पाच, म्हणजे साठावा. त्या पाचांतल्या एका बहिणीला चार मुलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा हिस्सा दोनशे चाळिसावा. अकरा गुंठे म्हणजे 11,979 चौरस फूट. त्याचा दोनशे चाळिसावा भाग जेमतेम पन्नास चौरस फूट. दोन खाटा शेजारी शेजारी टाकल्या की उठून फिरायलाही जागा उरायची नाही, एवढा.

बरं, हे पन्नास फूट कुठले, तेही सांगता येत नाही. वाटणी झालेली नाही, म्हणजे प्रत्येकाचा हक्क प्रत्येक चिऱ्यात आणि प्रत्येक वाशात. "मी एकाचा हिस्सा घेतो, बाकीचं नंतर बघू," असं म्हणणारे येतात. न वाटलेला हिस्सा कायद्याने विकता येतो, नाही असं नाही. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मध्ये एक फार शहाणी गोष्ट लिहिलेली आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला कुटुंबाबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटप मागायचं. आणि वाटपाचा दावा घेऊन तो कोर्टात गेलाच, तर 1893 च्या वाटप कायद्याने घरच्यांना त्याचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढता येतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना एका माजघरात परका माणूस शिरला की काय होतं, ते नीट कळलेलं होतं.

दुसरी अडचण कागदांची. आमच्याकडे घाटावरच्यासारखं दाट गावठाण क्वचितच. वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक घर आपल्या झाडांत, म्हणजे बहुतेक घरं शेतजमिनीत. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरांना मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली, पण गावठाणाबाहेरची वाडी त्यात येत नाही. मग घराचा कागद कोणता? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. जमिनीचा तलाठ्याकडे आठ-अ, तो वेगळा, हा वेगळा, आणि लोक दोन्हींना "आठचा उतारा" म्हणून घोळ करतात. नमुना आठ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. घरपट्टी कोण भरतो ते त्यात कळतं, घर कोणाचं ते त्याने ठरत नाही. चाळीस वर्षं पावत्या जपून ठेवलेल्या माणसाला हे सांगणं नोकरीत मला सर्वांत जड गेलं.

राहणारा एक आणि मालक दुसरा, याचं आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण रत्नागिरीत उभं आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याचं राज्य 1885 मध्ये गेलं, इंग्रजांनी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि 1910 मध्ये तो जांभ्याच्या त्या भल्याथोरल्या राजवाड्यात राहायला गेला. त्याच्यासाठी बांधलेला, पण त्याचा नव्हे. सहा वर्षांनी, 1916 मध्ये, तो तिथेच वारला. थिबा पॅलेसच्या गच्चीवरून खाडी बघताना लोक फोटो काढतात. मला तिथे दरवेळी घरपट्टीच्या त्या पावत्या आठवतात.

सातबाऱ्यावर आणखी एक मालक भेटतो, त्याच्याबद्दल पाहुण्यांना हमखास नवल वाटतं. भोगवटादाराच्या रकान्यात लिहिलेलं असतं, श्री देव रवळनाथ, किंवा श्री देव रामेश्वर. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तो जमीन धारण करू शकतो, दावा लावू शकतो, आणि त्याचं हित जपताना कोर्ट त्याला अज्ञान मुलासारखं सांभाळतं. कितीतरी देवराया त्यामुळे टिकल्या. देव मरत नाही, त्यामुळे वारस नोंद नाही, हिस्से नाहीत, आणे-पै नाहीत. इतका सुबक सातबारा माणसाच्या नावावर मी क्वचितच पाहिला.

घराची वाटणी म्हणजे काय, ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं. नोकरीची पहिलीच वर्षं. दोन चुलत भावांनी आपसांत घर वाटायचं ठरवलं होतं. मोजणी सरकारी नव्हती, मला नुसतं घरोब्याने बोलावलं होतं, टेप धरायला. घर लांबट. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, बाजूला देवघर, मागे बाळंतिणीची खोली आणि स्वयंपाकघर. उभं वाटलं तर माजघराच्या मधोमध भिंत येते आणि दोन्ही अर्ध्यांत काळोख. आडवं वाटलं तर मागच्याला पुढच्याच्या ओटीवरून जावं लागतं. शेवटी उभं ठरलं. सारवलेल्या जमिनीवर मी चुन्याची रेघ ओढत चाललो होतो. देवघराशी आलो तशा त्या घरातल्या थोरल्या काकी उठून उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, "टेप इथवरच आण. पुढे नको." कोणी वाद घातला नाही. रेघ उंबऱ्याशी थांबली. वाटणीच्या कागदात देवघर 'सामाईक' असं लिहिलं, आणि मला वाटतं तेवढ्या एका शब्दामुळे ती दोन कुटुंबं अजून गणपतीला एका पाटापुढे उभी राहतात.

बहिणींच्या सह्यांबद्दल मात्र मला बोलायचं आहे. वाटणीआधी बहिणींकडून हक्कसोड पत्र घ्यायचं आणि साडीचोळी देऊन पाठवणी करायची, ही आमच्याकडची रीत. ती मला कधीच पटली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. स्वखुशीने सोडायचं तर सोडावं. पण काय सोडतो आहोत ते सहीआधी तिला वाचून दाखवायला हवं. मी ज्या ज्या घरात हजर होतो, तिथे वाचून दाखवलं आहे. काही ठिकाणी त्यामुळे सह्या अडल्या, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

विचारणाऱ्यांना मीही एक प्रश्न विचारतो: "तुम्ही शेतकरी आहात का?" महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्याच्या नावावर शेती असावी लागते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शिवाय सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना बघायचा. तिथे कुळाचं नाव असेल तर ती वेगळीच वाट. विहिरीचं पाणी कोणाचं, फणस कोणाचा, वाट कोणाची, हेही तिथेच सापडतं. जमीन एकाची आणि तिच्यातलं आंब्याचं झाड दुसऱ्याचं, हे इथे कोणाला विचित्र वाटत नाही. समुद्राच्या किंवा खाडीच्या काठाला असेल तर भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियम आले. आणि सगळ्या भानगडींवर सरकारचा शेतसारा, म्हणजे सातबाऱ्यावरचा आकार, तो एखाद्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, तुकड्याला वर्षाला काही पैसेच असतो.

एवढ्यात घर काय करतं? घर थांबत नाही.

जांभा हा मोठा मनाचा दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की हत्याराने कापून चिरा पाडता येतो, आणि वारा-ऊन लागलं की त्यातलं लोह घट्ट होत जातं, चिरा कणखर होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टरने मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापताना पाहिले आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. चिऱ्याला पाऊस मारत नाही. मारतो तो वरून.

आधी आमच्या घरांवर कुंभाराच्या चाकावरचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असत. मग मंगलोरी कौलं आली. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, आणि एकात एक अडकणारी ती कौलं गलबतांतून किनाऱ्याला लागली. जुनं कौल पालथं केलं की कारखान्याचं नाव उठावात वाचता येतं. कौल उत्तमच, पण त्याला दरवर्षी माणूस लागतं. माकड उडी मारतं, झावळी पडते, एक कौल सरकतं. मृगाआधी कोणी वर चढून घर शाकारलं तर पाच मिनिटांचं काम. नाही चढलं तर पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर. चूल पेटत होती तेव्हा धुराने वासे कोरडे राहायचे, वाळवी दूर असायची. चूल थंड झाली की वाळवी वर चढते. दोन-तीन पावसाळ्यांत वासा बसतो, दहा कौलं एकदम खाली येतात, भिंतीचा माथा उघडा पडतो आणि चिऱ्यांमधली माती धुऊन जाते. शेवटी सुटे चिरे उरतात आणि त्यांत कुड्याचं झाड. मी मोजलेल्या घरांपैकी कितीतरी आता फक्त जोत्याच्या रेघेवरून ओळखता येतात.

त्या 43 जणांना मी हेच कळवत आलो आहे. वाटप आज होत नसेल तर राहू दे, पण नोंदी तरी करा आणि कौलं तरी सांभाळा. नऊपैकी चार मयतांचे दाखले मिळवून त्यांच्या वारसांचे अर्ज या वर्षी दिले. बोरिवलीच्या थोरल्या आत्यांनी जन्मतारखांसकट सगळी वंशावळ फोनवर सांगितली, दीड तास. त्यांचं वय 88. त्या गेल्या असत्या तर तीन शाखा कोणाला जोडायच्या ते कधीच कळलं नसतं. शाकारणीला सहा घरांनी पैसे पाठवले आहेत. आढ्याजवळची ती सरकलेली कौलं मृगाआधी बसतील.

तेव्हा पुण्याच्या ताई, तुम्ही तिसऱ्यांदा याल तेव्हा घर आतून बघून जा. किल्ली माझ्या पडवीतल्या खुंटीवर असते. ओटीवरची डावीकडची फळी जरा कुजली आहे, तिच्यावर पाय देऊ नका. आणि देवघराशी चपला काढा, ते सामाईक आहे.