उभ्या चढाईतील डावी ओढ आणि फायरवॉलचा उलगडा

मागच्या नोंदीत माझे रेडिओ नियंत्रणाचे मॉडेल विमान पूर्ण झाले होते, फक्त काउलिंग (मोटरवरचे पुढचे आवरण) बसत नव्हती. स्पिनर (प्रॉपेलरच्या, म्हणजे प्रॉपच्या, मध्यावरची टोपी) काउलिंगच्या मध्यापासून सुमारे चार मिलिमीटर डावीकडे राहत होता, म्हणून ती न लावताच पहिले उड्डाण करण्याचे ठरवले होते. ते उड्डाण झाले आणि विमान धडधाकट खाली आले. त्यानंतर ज्या एका दोषाने मला हैराण केले, त्याचे उत्तर या न बसणाऱ्या काउलिंगमध्येच निघाले, म्हणून ही नोंद लांबणार आहे.

आधी पहिल्या उड्डाणाबद्दल. पुण्याबाहेरचा नेहमीचा मुरमाड माळ, वारा सुटण्यापूर्वीची सकाळ, १.२ मीटर पंखविस्तार आणि चार सेलच्या २२०० एमएएच बॅटरीसह साधारण १३५० ग्रॅम वजन. रेंज चेक (रेडिओचा पल्ला तपासणे) झाल्यावर कमी रेटवर, म्हणजे एलिव्हेटरला (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीला) १२ अंश आणि ३० टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल सौम्य करणारी सेटिंग) ठेवून, विमान सोडले. (कोणाचा ट्रान्समीटर उसना घेणार असाल, तर फुटाबा कंपनीच्या ट्रान्समीटरवर हालचाल सौम्य करण्यासाठी एक्स्पो उणे द्यावा लागतो आणि स्पेक्ट्रमवर अधिक, हे जमिनीवरच तपासा.) एलेरॉनला (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांना) उजवीकडे थोडे ट्रिम (बारीक कायम दुरुस्ती) लागले, बाकी काही नाही. ट्रेनरवरून (शिकाऊ विमानावरून) येणाऱ्यांना सर्वांत आधी जाणवते ते हे, की पंखांना डायहेड्रल (टोकांकडे वर जाणारा कोन) नसल्यामुळे स्टिक सोडली तरी विमान आपोआप सरळ होत नाही. ज्या कलात ठेवाल त्याच कलात ते जात राहते. एकदा हाताला याची सवय झाली, की यासारखे प्रामाणिक विमान नाही. पहिला सावकाश रोल पुरा होऊन विमान त्याच रेषेत पुढे निघाले, तेव्हा मी चक्क मोठ्याने हसलो. उतरताना मात्र थोडी पॉवर शेवटपर्यंत ठेवली, कारण हे यंत्र तरंगत येत नाही.

सीजीही (गुरुत्वमध्यही) लवकर जमला. ४५ अंशांच्या चढाईत उलटे केल्यावर नाक किंचित खाली येत होते. बॅटरी आठ मिलिमीटर मागे सरकवली आणि रेषा टिकू लागली.

आता मूळ दुखणे. उभ्या चढाईत विमान सुरुवातीला सरळ जाई आणि वेग कमी होत गेला की नाक डावीकडे वळू लागे, इतके की वर पोहोचेपर्यंत ते दहा-पंधरा अंश तिरपे झालेले असे. हे पाहायचे तर विमान आपल्यापासून सरळ दूर जात असताना वर खेचावे लागते, बाजूने जाताना ते डोळ्याला कळतच नाही. पहिला संशय डाव्या पंखाच्या वजनावर होता. स्पिनर आणि शेपूट या दोन टोकांना दोरा बांधून विमान लटकवले, तर डावा पंख खरोखरच थोडा जड निघाला. पतंग एका अंगाला कलला की दुसऱ्या अंगाला चिंधी बांधतात, त्याच न्यायाने उजव्या टोकात तीन ग्रॅमचा खिळा बसवला. लूप एकदम सरळ झाले. उभ्या चढाईतली ओढ मात्र तसूभरही हलली नाही.

म्हणजे प्रश्न मोटरच्या जोराच्या रेषेचा होता. प्रॉपमागचा हवेचा झोत फिरत फिरत मागे येतो आणि उभ्या स्थिरकाच्या डाव्या बाजूवर आदळतो. वेग घटला की या झोताचे वळसे जवळ येतात आणि नाक आणखी डावीकडे ढकलले जाते. खऱ्या एक्स्ट्रा ३०० या कसरतीच्या विमानाच्या वैमानिकालाही लायकमिंग इंजिनमुळे उजवा पाय वापरावा लागतो. रशियन एम-१४ इंजिनाची सुखोई (लढाऊ नव्हे, कसरतीची) उलट दिशेने ओढते, कारण तिचा प्रॉपच उलटा फिरतो. सुखोईच्या छोट्या मॉडेलवर मात्र नेहमीचाच प्रॉप असतो, त्यामुळे तिथेही ओढ डावीकडेच.

सोपा मार्ग म्हणजे थ्रॉटलबरोबर थोडा उजवा रडर (नाक डावीउजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) ट्रान्समीटरवर आपोआप मिक्स करणे, आणि माळावर भेटणाऱ्या अनेकांनी तोच सुचवला. मला तो पटला नाही. मिक्स स्टिकच्या जागेला बांधलेला असतो, विमानाच्या वेगाला नाही. पूर्ण थ्रॉटलवर वेगाने सपाट जातानाही तो तितकाच रडर देत राहणार. आधी यांत्रिक दोष दूर करावा आणि उरलेसुरले तेवढेच ट्रान्समीटरवर सोपवावे, असे माझे ठाम मत आहे.

किटच्या माहितीपत्रकात फायरवॉलमध्येच (मोटर ज्यावर बसते त्या पाटीतच) उजवा कल दिल्याचे लिहिले आहे. गुण्या लावून पाहिला, तर फायरवॉल पूर्णपणे काटकोनात! मोटरची भोके मात्र मध्यरेषेच्या डावीकडे पाडलेली आहेत. इथे डोक्यात प्रकाश पडला: मोटर उजवीकडे कलली की शाफ्टचे टोक उजवीकडे सरकते, आणि स्पिनर मध्यावर यावा म्हणूनच भोके डावीकडे घेतलेली असतात. भोके आराखड्याप्रमाणे पडली, पण फायरवॉलच्या खाचा सरळच कापल्या गेल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर 'इतर ग्राहकांची तक्रार नाही' असे उत्तर आले. बाल्साची प्रत उत्तम आहे हे मान्य करूनही, पुढचे किट तिथून घेणार नाही.

मोटर धरणाऱ्या माउंटच्या डाव्या-उजव्या स्क्रूंमध्ये ४० मिलिमीटर अंतर आहे. एम-३ चा एक वॉशर अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून डाव्या दोन्ही स्क्रूंवर, माउंट आणि फायरवॉल यांच्या मध्ये, प्रत्येकी तीन वॉशर घातले. दीड मिलिमीटरने साधारण २.१ अंश मिळतात. घट्ट केल्यावर स्पिनर काउलिंगच्या बरोबर मधोमध आला, भोवतीची फट सगळीकडे सारखी. त्या फटीतून एकच कागदाची पट्टी गोल फिरवून पाहण्याचे समाधान काही वेगळेच होते. दुसऱ्या सकाळी विमान रडरला हात न लावता उभे वर गेले आणि थांबेपर्यंत सरळ राहिले.

पण वॉशरवर माउंट दोन पायांवर उभे राहिल्यासारखे राहते आणि कंपनाने स्क्रू सैल होण्याची भीती आहे. थ्रेडलॉक (स्क्रू पक्के धरणारा चिकट द्रव) फक्त तात्पुरते. त्यासाठी उतरती पाचर थ्रीडी प्रिंट करण्याचा बेत होता. हे लिहितानाच लक्षात आले, की पीएलए (थ्रीडी प्रिंटचे नेहमीचे प्लॅस्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि उन्हाळ्यात मोटर त्याहून सहज तापते. त्याऐवजी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून सर्किट बोर्डाची कोरी ग्लास इपॉक्सी पाटी आणतो. तिची जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे २.३ अंश मिळतील आणि दोन्ही डावे स्क्रू एकाच पट्टीवर बसतील. उजव्या कडेपर्यंत ती घासून उतरती करता आली, तर माउंट पूर्ण टेकेल.

यामुळे पुढचा क्रमही बदलतो. १३ इंची प्रॉप वापरून पाहणार होतो, पण प्रॉप बदलला की झोत बदलतो आणि हा कलही पुन्हा तपासावा लागतो. म्हणून सध्या १२ बाय ६ इंची प्रॉपच कायम. नाइफ एजमध्ये (पंख उभे ठेवून सपाट उडताना) विमान पोटाकडे ओढते, त्यासाठीचा रडर-एलिव्हेटर मिक्स पाचर बसल्यानंतरच. तोवर एलिव्हेटरचा प्लॅस्टिक गिअरचा सर्व्हो (पट्टी हलवणारी छोटी मोटर) काढून मेटल गिअरचा लावतो, कारण त्याच्या ढिलाईमुळे सपाट उड्डाणात नाक हलके वरखाली होत राहते आणि नाइफ एजमधली ओढ नेमकी किती, हे कळतच नाही.