पॉलिसी पास झाली आणि कोणी भांडलंसुद्धा नाही

काल आमच्या इथल्या कमिटीची मीटिंग पाऊण तासात आटोपली आणि खरं सांगू, मला जरा रागच आला. दोन पॉलिसी फायनल करायच्या होत्या, एक खर्चाच्या परताव्याची आणि दुसरी हितसंबंधांची, म्हणजे ज्याचा स्वतःचा फायदा अडकलाय त्याने निर्णयाला बसायचं की बाहेर जायचं वगैरे. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर आख्खी दुपार गेली असती आणि शेवटी "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणून सगळे उठले असते.

इथली खरी मीटिंग आधीच झालेली असते हो! मसुदा आठवडाभर आधी येतो आणि त्याच्या प्रत्येक ओळीला समासात नंबर. हे ओळींचे नंबर म्हणजे काय चीज आहे ते वापरल्याशिवाय कळत नाही. "ते दुसऱ्या पानावर खाली आहे ना, नाही त्याच्या वरचं, तुमची प्रिंट वेगळी आहे का" हा सगळा तमाशाच बंद, ओळ ४७ म्हटलं की सगळ्यांचे डोळे एकाच जागी. हरकत पाठवायची ती तक्त्यात: ओळ कुठली, आत्ताचं वाक्य काय, तुमचं वाक्य काय, कारण काय, आणि शेवटचा रकाना रिकामा, तिथे कमिटीने काय ठरवलं ते लिहायचं. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं काढणारी संस्था, तिची स्टँडर्ड्स ठरतात तिथेही असाच तक्ता असतो, त्यात हरकत सर्वसाधारण, तांत्रिक की नुसती भाषेची हेही लिहावं लागतं. स्वल्पविराम, स्पेलिंग हे मीटिंगमध्ये काढायचंच नाही, ते मसुदा लिहिणारा परस्पर दुरुस्त करतो. ज्या हरकतींवर वाद नाही त्या सगळ्या एका झटक्यात मंजूर. उरतात चार-पाच, त्यावरच काय ते बोला.

आणि बोलायचं ते रॉबर्टच्या नियमांनी. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर, त्याला १८६३ साली एका सभेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं आणि सभा कशी चालवतात हेच माहीत नव्हतं, त्या धसक्यातून त्याने १८७६ मध्ये नियमांचं पुस्तकच काढलं. त्यातला एक नियम मला मनापासून आवडतो, जो अजून बोलला नाही त्याचा नंबर आधी, एकदा बोललेल्याने थांबायचं. आपल्याकडचे तीन-चार अध्यक्ष आत्ता माझ्या डोळ्यासमोर आले, जाऊ दे. गंमत म्हणजे डझनभर लोकांच्या छोट्या कमिटीला त्याच पुस्तकात बरीच ढील दिलीय, पण आमच्या चेअरबाईंना ते पान बहुतेक दिसलेलं नाही.

माझी चिडचिड वेगळीच आहे. "कोणाची हरकत? नाही? मंजूर." हे इतक्या पटकन होतं की श्वास घ्यायला वेळ नाही. गप्प बसणं म्हणजे संमती, ठीक आहे, पण माणूस विचार करतानाही गप्पच असतो ना? आपल्या मीटिंगा लांबतात, मान्य, पण त्या लांबण्यात कोणीतरी नको तो प्रश्न विचारतो आणि भोक सापडतं. इथे हितसंबंधांच्या पॉलिसीत जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं एवढेच धरले होते. मी म्हटलं, मेहुणा कुठाय? कंत्राट मेहुण्याच्याच नावावर असतं हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल! सगळे हसले, चेअरबाई हसल्या नाहीत. "वाक्य द्या," म्हणाल्या. नुसतं "हे बरोबर वाटत नाही" इथे चालत नाही, हरकत घेतलीत तर पर्यायी वाक्य तुम्हीच द्यायचं. मी तिथल्या तिथे लिहून दिलं, जोडीदाराचे आई-वडील आणि भावंडं, आणि भावंडांचे जोडीदारही. अनुमोदन मिळालं, मत झालं, पास.

एवढे तयारीचे लोक, आठवडाभर मसुदा हातात, आणि मेहुणा कोणालाच दिसला नाही. मग पाऊण तासाचं एवढं कौतुक कशाला?

संध्याकाळी इतिवृत्त आलं. त्यात काय ठरलं तेवढंच लिहितात, कोण काय बोललं ते नाही, हाही त्याच पुस्तकाचा नियम. माझ्या मेहुण्यावर एक ओळ: "ओळ ६२, दुरुस्ती मंजूर." नाव नाही, गाव नाही. आपल्याकडे निदान "सविस्तर चर्चा झाली" एवढं तरी लिहिलं असतं.