कानात सांगायचं नाव

सोमवार, रात्री साडेअकरा

परवा बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा सांगून झाल्या, घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले, फक्त नाव ठरायचं राहिलंय. आणि ते कानात सांगायचं काम आत्याचं, म्हणजे माझं. त्यामुळे आज दिवसभर सगळे माझ्याच मागे.

खूळ दादाचं. त्याच्या कपाटात सोळा-सतरा अत्तरं-सेंट असतील. मुलगी झाली तसं त्याने जाहीर केलं की नाव सुगंधावरूनच, पण चारचौघांसारखं नको. सुरभी नको, सुगंधा तर नकोच. त्याला हवंय 'शालिमार'. पॅरिसच्या गेर्लँ कंपनीचं १९२५ सालचं सेंट, मोगल बागेवरून ठेवलेलं नाव. मी बाटली हुंगून पाहिली. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग बराच वेळ व्हॅनिला. छान आहे, नाही असं नाही. पण आपण नाशकात राहतो, दादा. इथे शालिमार म्हणजे रिक्षावाले ओरडतात तो चौक. पोरगी शाळेत गेली की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, सीबीएस स्टँडला थांबणार का? वहिनी इतकी हसली की टाके दुखले तिचे.

मग 'शनेल'. १९२१ सालचं, पाच नंबरवालं. अमेरिकेत मुलींना हे नाव ठेवतात. "चॅनल? टीव्हीचं?" आईने विचारलं आणि विषय तिथेच आटपला. मुळात ते सेंटवाल्या कोको शनेल बाईंचं आडनाव. उद्या आपण मुलीचं नाव कुलकर्णी ठेवू.

वहिनीच्या मनात कस्तुरी. जन्म मृग नक्षत्रावरचा, चौथा चरण; गुरुजींनी 'की' अक्षर दिलंय, ते नावरस नावाला वापरू. मृगावर जन्मलेली कस्तुरी, जुळतं तर खरंच. पण मला गप्प बसवलं नाही. कस्तुरी नराच्या बेंबीपाशी असते, मादीला नसतेच. त्या एवढ्याशा गाठीसाठी हरणं मारत आले लोक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे. हे सगळं मी बाळंतिणीच्या खाटेवर बसून सांगितलं. "जगातल्या सगळ्या कस्तुऱ्यांना सांगत फिरणारेस का?" असं आईने विचारल्यावर कळलं की जरा जास्तच झालं. तिचंही खरं आहे. अबोलीला कुठे वास असतो? केवडा शंकराला वर्ज्य, तरी केतकी नावाच्या माझ्या वर्गात दोघी होत्या.

जेवणं झाल्यावर दादाने आजोबांची लाकडी पेटी काढली. कुपी एकच उरलीय, तीही कोरडी, पण बुचाला अजून हिन्याचा वास आहे. आजोबा थंडीत हिना लावायचे आणि उन्हाळ्यात वाळा. काडीला कापूस गुंडाळायचा, कुपीत बुडवायचा आणि तो फाया कानाच्या वरच्या खोबणीत. मला उचलून घेतलं की माझं नाक बरोबर तिथे यायचं. माल उत्तर प्रदेशातल्या कनोजचा, हे ते अभिमानाने सांगत. तांब्याच्या देगीत फुलं आणि पाणी, खाली लाकडाचा जाळ, बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. तिथे मातीचंही अत्तर काढतात, भाजलेल्या मातीपासून. मृगाच्या पहिल्या सरीचा वास, कुपीत! दादाचे डोळे चमकले. मी लगेच म्हटलं, माती हे नाव मी कानात सांगणार नाही.

मला 'परिमल' हवंय. दादा म्हणतो, जुनाट आहे, शिवाय मुलाचं वाटतं. मी त्याला अमरकोशातला अर्थ सांगितला, आजोबांनीच तो पाठ करून घेतला होता. लांबवर दरवळतो तो आमोद. परिमल वेगळा, चोळल्यावर, उगाळल्यावर जो उठतो तो. देवघरातलं चंदनाचं खोड नुसतं नाकाशी धरलं तर लाकडासारखंच लागतं. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब, चार वेढे, की मग दुपारपर्यंत बोटांना वास. दादा काही बोलला नाही. उठून देवघरात गेला आणि खोडाचा वास घेऊन आला.

बुधवार, रात्री

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. पाळण्यात वाकले तेव्हा तिच्या कानापाशी वेखंड होतं, खोबरेल होतं, सकाळच्या धुरीतला ओवा होता. कुर्रर्र करून 'परिमल' म्हटलं, आणि पुढचं काही सुचायच्या आत पाठीत गुद्दे सुरू. चुलत वहिन्यांनी मागचे हिशोब चुकते केले, पाठ अजून ठणकतेय. दादाने खिशातून वाळ्याची नवी कुपी काढली होती, फाया लावायला. वहिनीने ती वरच्यावर काढून घेतली. बारा दिवसांच्या कातडीला नाही म्हणे.

जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. वर्षभरात भरलं तर फी लागत नाही. दादाने हे दोनदा विचारून घेतलंय.