शॉकॲब्सॉर्बरची मजुरी आणि गंजलेले बोल्ट

गाडीची उंची वाढवणारं लिफ्ट किट घ्यायचं ठरलं की सगळे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची किंमत विचारतात. मी आधी गाडीखाली झोपून बोल्ट बघतो. मजुरीचा खरा आकडा तिथे लिहिलेला असतो.

सॉलिड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेल्या गाडीला नुसते शॉक बदलणं म्हणजे मोकळे बोल्ट असतील तर सकाळचं काम. पण स्प्रिंगही काढायची असेल आणि लीफ स्प्रिंगच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) टोकाला असलेल्या रबरी बुशातला बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटला, की आदल्या रात्री मारलेलं गंजनाशक तेलही हात टेकतं. मग ग्राइंडर काढा, बोल्ट कापा, नवा बुश दाबून बसवा. तासांवर मजुरी घेणारा मेकॅनिक इथे लुटत नसतो, हे माझं ठाम मत. पुढे प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र भाग, उघडायला स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. ते काम मी पैसे देऊनच करवतो.

मजुरी ठरवताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, धरली आहे का, हे विचारा. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. जास्त उंचीला ब्रेकच्या तेलाचे होज (लवचीक नळ्या) ताणले जातात, चाकांकडे ताकद नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोनही बिघडतो. लीफ स्प्रिंग ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या.

आणि हो, रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळायला सांगा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो, आणि तीच मजुरी पुन्हा.